वऱ्हाडाने मोडलेला जबडा

गेल्या उन्हाळ्यात माझा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि साडेपाच आठवडे तारेने बांधून ठेवावा लागला. तार निघून आता दोन महिने होतील. दवाखान्यात पडलो होतो तेव्हा असं झालेल्या एखाद्या माणसाने साध्या शब्दांत लिहिलेलं काहीतरी वाचायला मिळावं असं फार वाटायचं. मिळालं नाही, म्हणून मीच लिहितो. रेल्वेतल्या माझ्या भावांपैकी कुणाचा जबडा, कुणाचं मनगट, कुणाचं डोकं आज ना उद्या फुटणार आहे. गाडी उशिरा आली की लोक कुणावर हात टाकतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या उशाशी हे असावं.

मी नगर ते मनमाड या मार्गावरच्या एका लहान स्टेशनावर सहायक स्टेशन मास्तर आहे. लोक 'छोटे मास्तर' म्हणतात. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बाबांनी घरातला देवाचा कोनाडा रिकामा केला आणि त्यात सभांची, मोर्चांची, संपांची पत्रकं रचून ठेवली. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. चौथीत 'आमची गाय' या निबंधाचा शेवट मी 'हा अन्याय आम्ही कदापि सहन करणार नाही' असा केला होता. गुरुजींनी शेजारी लाल शाईने विचारलं होतं, 'कोणता?'

गोळा

आमच्याकडे रूळ एकच. येणारी आणि जाणारी गाडी त्याच रुळावरून धावते. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी म्हणून एक लोखंडी गोळा असतो, मोसंब्याएवढा. पुढचा रूळ मोकळा असेल तरच तो स्टेशनातल्या यंत्रातून बाहेर पडतो, आणि तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. पुढच्या स्टेशनात पोहोचल्यावर ड्रायव्हरने गोळा द्यायचा, तिथल्या मास्तराने तो आपल्या यंत्रात टाकायचा, की मागचा रूळ मोकळा झाला. गोळा चामड्याच्या पिशवीत असतो आणि पिशवीला वेताचं मोठं कडं असतं.

त्या दिवशी सकाळी दौंडकडून आलेली पॅसेंजर आमच्याकडे उभी होती, कारण समोरून मालगाडी येत होती. पॅसेंजरमध्ये श्रीगोंद्याकडचं एक वऱ्हाड होतं, राहात्याच्या बाजूला निघालेलं. आमचे पोर्टर किसननाना यांनी ड्रायव्हरकडून गोळा आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो यंत्रात टाकणार, तेवढ्यात नवरदेवाचे मामा आत आले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, हातात घड्याळ.

"मास्तर, गाडी सोडा."

"समोरून मालगाडी येतेय. ती आत आल्याशिवाय सोडता येणार नाही."

"मालगाडीला मुहूर्त हाय का?"

"नाही."

"मंग तिला थांबवा. आमाला साडेबाराचा हाय."

इथे मी 'वीस मिनिटं बसा' एवढंच म्हणायला हवं होतं. त्याऐवजी रेल्वे ही जनतेची मालमत्ता असून ती कुणाच्या पत्रिकेप्रमाणे धावत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पंचांगाबद्दलही चार शब्द बोललो. झालं ते झालं म्हणून लिहितो. पण हेही लिहितो, की पंचांगाबद्दल मत असणं हा काही जबडा मोडण्याजोगा गुन्हा नव्हे.

मामांचं लक्ष टेबलावर गेलं. गोळ्याशिवाय गाडी हलत नाही एवढं त्यांना कुठूनतरी माहीत होतं. "ह्यो काय, गोळा तर हितं हाय की. दाबून ठिवलाय व्हय रे?" असं म्हणून त्यांनी कडं उचललं. तो मागच्या रुळाचा गोळा होता, पुढच्या रुळाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता; पण हे सांगायला मी तोंड उघडलं आणि पिशवीतला गोळा माझ्या हनुवटीवर बसला. किसननाना मधे पडले. मामांनी त्यांना बाजूला केलं आणि पुन्हा एक मला ठेवून दिली.

मग गोळा घेऊन ते इंजिनाकडे धावले.

"हा घ्या. चला."

ड्रायव्हरने पिशवीत डोकावून पाहिलं. "हा मागचा. हा घेऊन मला परत नगरला जावं लागंल. येताय?"

हे आणि पुढचं मला नंतर किसननानांनी सांगितलं. मी बाकावर रक्त थुंकत बसलो होतो. मामा घाबरले आणि त्यांनी गोळा वऱ्हाडाच्या सामानात कुठेतरी दडवला. आता गोळा यंत्रात पडेपर्यंत मागचा रूळ बंद, आणि गोळा गाडीतच असल्यामुळे मोठे मास्तर गाडी पुढे सोडेनात. मला नगरच्या दवाखान्यात न्यायचं ते मालगाडीतून. ती आली, आणि तीही त्याच गोळ्यासाठी अडकून उभी राहिली. ज्याने जबडा मोडला ते हत्यार सापडल्याशिवाय मला डॉक्टर दिसणार नव्हता. अडीच तासांनी गोळा सापडला, ओटीच्या नारळांच्या टोपलीत. बायकांनी नारळांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं.

मुहूर्त अर्थातच टळला.

निदानाचा दिवस

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेनाने दोन जागा दाखवल्या. मग आईला विचारलं, "हे फार बोलतात का?"

"लई," आई म्हणाली.

"सहा आठवडे नाही बोलणार."

वरचे आणि खालचे दात एकमेकांना तारेने बांधायचे, तोंड अजिबात उघडायचं नाही, असा उपचार होता. एक दाढ माराने गेली होती. तिचं दुःख करू नका, असं डॉक्टर म्हणाले. त्या फटीतून मला जेवायचं होतं. दाढ शाबूत असती तर त्यांना एखादी काढावी लागली असती.

तार बांधून झाल्यावर सिस्टरने माझ्या पलंगाच्या दांडीला लाल दोरीने एक पक्कड बांधली. "उलटी झाली तर हिने तार तोडायची. नाहीतर गुदमराल. कुणी हलवू नका," असं तिने आईला बजावलं. पहिले तीन दिवस आईचा एक हात सतत त्या पकडीवर होता. भेटायला येणाऱ्याला ती प्रकृतीचं काही सांगायच्या आधी पकडीचा नियम सांगायची.

पुढच्या आठवड्यात मनमाडला कामगारांची सभा होती आणि मी वक्ता होतो. निदान ऐकल्यावर मला पहिलं आठवलं ते हे. जबडा नंतर.

दिवस कसे जातात

सकाळी ताक, दहाला पेज, दुपारी डाळीचं पाणी, चारला दूध, संध्याकाळी गाळलेला रस्सा. सगळं सलाईनच्या नळीच्या तुकड्यातून, दाढेच्या फटीतून. तो तुकडा सिस्टरने स्वतः कापून, टोक गरम करून गुळगुळीत करून दिला. तिचे उपकार विसरणार नाही. ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना अनुभवाचा सल्ला: सगळं दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. जिरं तारेत अडकलं की दोन दिवस तिथेच मुक्काम करतं. ताकाला फोडणी देण्याचा मोह घरच्यांना होईल. होऊ देऊ नका.

पहिला आठवडा पाटी-पेन्सिल वापरली. पाटीवर फार तर सात-आठ शब्द मावतात. माझ्या मनातली वाक्यं साधारण अर्ध्या पानाची असतात. मी 'कामगारवर्गाच्या' एवढं लिहीपर्यंत समोरचा उठून गेलेला असायचा. दुसऱ्या आठवड्यापासून दातांतून थोडं बोलता येऊ लागलं, पण बांधलेल्या दातांतून जे येतं ते सगळं रागाचंच वाटतं. 'पाणी द्या' म्हटलं तरी वॉर्डबॉय दचकायचा.

भीती

एके दुपारी दूध पिताना ठसका लागला. नाकातून दूध, डोळ्यांतून पाणी, आणि तोंड बंद. आईने पक्कड ओढली, पण लाल दोरीची गाठ सुटेना. सिस्टर धावत आली आणि मला पुढे वाकवून पाठीत थापट्या मारल्या. ठसका थांबला. सगळं मिळून अर्धा मिनिट गेलं असेल. त्यानंतर आईने दोरीची गाठ सोडली, सुरगाठ मारली आणि वॉर्डातल्या प्रत्येक बाईला ती सोडायला शिकवली.

दुसरी भीती सांगायला मला लाज वाटते, पण तिच्यासाठीच हे लिहायला बसलो. शेजारच्या रोग्याला भेटायला फेटेवाला माणूस आला की माझा हात आपोआप हनुवटीवर जायचा. तो माणूस म्हातारा असो, हातात केळी असोत. सभेत हजार लोकांसमोर उभा राहणारा मी, फेटा पाहून अंग चोरत होतो. हे होतं. पुढे कमी होतं. अजून पूर्ण गेलेलं नाही.

आई आणि बाबा

बाबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने पोलिसांत मामांविरुद्ध तक्रार दिली आणि चौथ्याच दिवशी पत्रक छापून आणलं. मथळा होता, 'जबडा मोडला, आवाज नाही'. ते त्यांनी वॉर्डभर वाटलं, भाजलेल्या रोग्यांनासुद्धा.

"आवाजच मोडलाय त्याचा," आई म्हणाली. "तुमाला ऐकू येत न्हाई का?"

"ही लढाई आहे."

"ही नोकरी हाय."

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. सगळे निरोप माझ्यामार्फत. घरात ज्याचं तोंड बंद, त्याच्यावरच ही जबाबदारी. मी पाटीवर 'आई म्हणते डबा घरी न्या' असं लिहून बाबांना दाखवायचो. बाबा ते वाचून आईसमोरच म्हणायचे, "तिला सांग, नेतो."

आईचं म्हणणं एवढंच होतं की पुन्हा वाद घालू नकोस. रेल्वेत लागलेला आमच्या घरातला मी पहिलाच. बाबांना हुतात्मा हवा होता असं मी रागाने म्हणायचो, ते खरं नव्हतं. पत्रक वाटून आले की ते जिन्यात बसून रडायचे, हे मला सिस्टरकडून कळलं.

घसरून पडल्याचा कागद

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वरच्या कचेरीतून चौकशीला एक साहेब आले. त्यांनी टाईप केलेला कागद आणला होता: 'कामावर असताना पाय घसरून पडल्याने इजा.' खाली माझ्या सहीची जागा.

"पडलात तर सगळं सोपं आहे," ते म्हणाले. "मारलं म्हटलं की प्रश्न येतात. का मारलं? तुम्ही काय बोललात? पंचांगाबद्दल काही बोललात असं कळलं. मग प्रवाशांशी असभ्य वर्तन आलं, बदली आली."

मी दातांतून विचारलं, "जबडा दोन्ही बाजूंनी मोडलाय. म्हणजे एका बाजूवर पडलो, उठलो, मग दुसऱ्या बाजूवर पडलो?"

साहेबांनी विचार केला. "तसंही लिहिता येईल."

मी उशीखालून माझा जबाब काढला. अकरा पानं. साहेबांनी उभ्यानेच चाळला आणि सातव्या पानावर थांबले.

"यात रशिया कशाला आहे?"

"संदर्भ म्हणून."

त्यांनी जबाब परत दिला, आपला कागद पलंगावर ठेवला आणि गुरुवारी सही न्यायला येतो म्हणाले. ते गेल्यावर आईने तो कागद घडी घालून पदराला बांधला. "सही कर," ती म्हणाली. "पडलास म्हनून काय कमीपना हाय? मानसं पडत्यात."

किसननाना

बुधवारी किसननाना भेटायला आले. मी त्यांना अकरा पानं दातांतून वाचून दाखवली. तासभर लागला. नाना मांडीवर टोपी ठेवून ऐकत होते.

"लई ग्वाड लिवलंय," ते म्हणाले. मग टोपी उचलून, "फकस्त माजी थापड कुठं हाय?"

"कुठली थापड?"

"त्यानं मला बाजूला केलं न्हवं का. कानाखाली हानून केलं. तीन दिस कान वाजत हुता."

मी अकरा पानं पुन्हा उलटून पाहिली. जगातल्या कामगारांचा उल्लेख चार ठिकाणी होता. किसननाना एकदाच होते, 'पोर्टर' म्हणून, गोळा आणून ठेवण्यापुरते. त्यांना मार बसलेला मी पाहिला होता आणि त्यात लिहिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पोर्टरला मारतातच.

"याआधीही मारलंय तुम्हाला?" मी विचारलं.

"एकोनीस वर्सं झाली मला. गाडी लेट, हान पोर्टरला. बायांचा डबा लांब थांबला, हान. नळाला पानी न्हाई, हान. म्या कुनाला सांगितलं न्हाई, कुनी इचारलं न्हाई. गाडी गेली की मार बी गेला."

नाना गेल्यावर मी अकरा पानं फाडली आणि एक पान लिहिलं. दोन माणसांना मारलं. कुणी, कुठे, कशाने, कितीदा. रशिया काढला. माझ्या हातून एवढं छोटं कधी लिहून झालं नव्हतं, आणि एवढं कष्टानेही.

गुरुवार

साहेब वेळेवर आले. आई कागद उलगडून पेन घेऊन उभी होती. बाबा दाराशी, किसननाना त्यांच्या शेजारी. मी माझं पान पुढे केलं. साहेब ते घ्यायला तयार नव्हते आणि मी त्यांच्या कागदावर सही करायला तयार नव्हतो. एवढ्यात हातात पितळी डबा घेऊन नवरदेवाचे मामा आत आले.

माझा हात हनुवटीवर गेला. आईने पक्कड उचलली, तार तोडण्यासाठी नक्कीच नव्हे.

"भांडाया न्हाई आलो," मामा म्हणाले. "लगीन लागलं, सांजच्याला का हुईना. लाडू आनल्यात. तेवढी पोलिसांतली तक्रार मागं घ्या."

साहेबांचा चेहरा खुलला. "अगदी वेळेवर आलात. सगळं मिटतंय. मास्तर घसरून पडले असं लिहायचं ठरतंय. तुम्हीही पाहिलं म्हणून सही करा."

मामांनी डबा खाली ठेवला. "पडले? कोन म्हनतं?"

"कागदावर म्हणतो मी."

"आन् मंग म्या काय केलं?"

"तुम्ही काहीच केलं नाही. तुमच्याच फायद्याचं आहे."

"कसला फायदा?" मामांचा आवाज चढला. "मुहूर्त चुकला म्हून सोयरे आमच्याकडं पाठ करून बसले. म्या पंगतीत सांगितलं, गाडी अडीवली तवा मास्तरला हानला, गप न्हाई बसलो. तेवढी एक आब ऱ्हायली माजी. सारा तालुका जानतोय. आता तुमी लिवनार, तो आपला आपन पडला? मंग म्या काय नारळं मोजत बसलो हुतो?"

साहेब त्यांना बाजूला घेऊन समजावू लागले, पण मामा बाजूला जाईनात. मी माझं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते बोट ठेवून सावकाश वाचलं.

"हे बराबर हाय," ते म्हणाले. मग बोट एका ओळीवर थांबलं. "ह्यो किसन कोन?"

"मी," दारातून नाना म्हणाले.

मामांनी वळून पाहिलं. बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "तुमी मधी आलता व्हय. लई लागली का?"

खोटं का सांगा, मला वाटलं नाना नेहमीप्रमाणे नाही म्हणतील. नाना टोपी हातात फिरवत राहिले. "लागली की," ते म्हणाले. "तीन दिस ऐकू येत न्हवतं."

मामांनी आईच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि पानाखाली पूर्ण नाव, गाव, तालुका लिहून सही केली. मग पान साहेबांच्या हातात दिलं. आता ते नाकारायला साहेबांकडे कारण उरलं नव्हतं. आरोपीने सही केलेला जबाब टाईप केलेल्या कागदाखाली दडपता येत नाही.

"तक्रार मी मागे घेणार नाही," मी दातांतून म्हणालो.

"नका घेऊ," मामा म्हणाले. "पर लाडू?"

मी त्यांना दात दाखवले. तार पाहून ते मान खाली घालून बसले. नंतर आईने ते लाडू दुधात कालवून दोनदा गाळून मला पाजले. चांगले होते. हेही लिहायला हवं.

परत कामावर

तार निघाली त्या दिवशी बाबांनी विचारलं, "काय बोलशील पहिलं?" मी बोललो ते असं, की तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडत नाही. तसंच असतं. घाबरू नका, रोज थोडं थोडं उघडायचं.

पंचांगाबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. कोर्टाची तारीख पडली आहे. ऑफिसच्या दाराला आतून कडी लागली, ती मोठ्या मास्तरांनी सुताराला बोलावून लावून घेतली. त्यांनीच एक वही घातली. कामावरच्या कुणालाही शिवी, धक्का, थापड, काही झालं तरी तारीख, वेळ, करणाऱ्याचं नाव-गाव आणि खाली ज्याला झालं त्याची सही. पोर्टर, गेटमन, मास्तर, सगळ्यांसाठी एकच वही. वरून हुकूम नाही. आमचा आम्ही ठरवलेला नियम आहे, आणि बाकीच्या स्टेशनांनी तो उचलावा म्हणून इथे छापतो आहे.

गेल्या आठवड्यात पॅसेंजर पुन्हा लेट होती. फलाटावर गर्दी. एक उंच गृहस्थ किसननानांच्या अंगावर ओरडत आला आणि त्याने हात उगारला. मी खिडकीतून पाहत होतो. मी धावायला उठलो, पण नाना मागे सरले नव्हते.

"हाना," नाना शांतपणे म्हणाले. "पर आधी नाव-गाव सांगा. लिवायला लागतंय."

हात तसाच वर राहिला. आजूबाजूचे लोक बघू लागले. मग त्या हाताने त्या माणसाने डोक्यावरची टोपी नीट केली.

"किती लेट हाय?" त्याने विचारलं.

"चाळीस मिन्टं," नाना म्हणाले. "सावलीत बसा."